सोमाजीरावांनी आपला बांध सर केला, त्याची हकीकत

श्री म्हसोबास साक्षी ठेवून, धसईमुलखी सोमाजीरावांनी डावे पायाने केली मोहीम लिहिली जाते. वाचणारास हसू आल्यास हसावे, आमची हरकत नाही.

मजकूर ऐसा की, सोमाजीराव, भातखाचरांचे खावंद, यांस गेल्या हिवाळी लकव्याने गाठले आणि डावे अंग गनिमास फितूर झाले. पाय हुकूम मानीना. मग खासे पडवीत खाटेवर जायबंदी पडले, आणि हे पाहून शेजारील शेताचे खावंद, चुलतबंधू धाऊजीराव, यांनी फावड्यानिशी मधला बांध आपले बाजूने कोरण्यास आरंभ केला. आणि अजब हे की, तेच धाऊजीराव दर मंगळवारी थोरले बंधूंस मोटारसायकलीवर आपले पाठीशी बांधून मुरबाडचे उपचार केंद्रात नेत आणि आणीत, त्यात कधी कसूर केली नाही. सेवाही खरी आणि चोरीही खरी. सोमाजीरावांस दोन्ही ठाऊक होते. परंतु बांधाचे भांडण बांधावर उभे राहूनच करावे लागते. खाटेवरून दिली शिवी शेतापावेतो पोचत नाही.

केंद्राच्या सुभेदारीण नम्रता म्याडम यांनी फर्मान काढले की, उपचार कैसा असावा हे खुद्द रुग्णांनी आणि त्यांस सांभाळणारांनी ठरवावे. मग दरबार भरला, आणि प्रथम चहा-बिस्किटे फिरली, आणि तेथेच घात झाला. कारण ज्याचा चहा प्यावा त्याचे घरात खोट काढू नये, ऐसी इकडील रीत. काय उणे आहे, ऐसे पुसता समस्त लंगडी फौज वदली, "सगळा बरा हाय." सोमाजीरावही तेच वदले, तोंडात बिस्कीट होते.

हे वर्तमान घरी पोचताच कुटुंब गोजाबाईसाहेब कोपल्या.

"विचारला तवा वाचा कुठं गेली तुमची? त्या केंद्राच्या गुळगुळीत फरशीवर चालता झकास नि अंगणाबाहेर पडलात का लोळता. आता काय फरशी पिकवणार हाव?"

दुसरे दरबारास बाईसाहेब एसटीने जातीने आल्या, आणि चहाची किटली दाराशीच अडवून हुकूम केला की, आधी गाऱ्हाणी, मग चहा. मग कोरडे घशाने फौजेस कंठ फुटला. कोणी म्हणे, एसटीची पायरी चढायला शिकवा. कोणी म्हणे, उकिडवे बसणे विसरलो. आणि सांभाळणाऱ्या बाया म्हणाल्या, यांस उचलावे कैसे हे दाखवा, आमच्या कंबरा गेल्या. म्याडमनी सारे कबूल केले. मग सोमाजीराव काठी टेकून उठले.

"मला बांध पायजे."

"बांध?"

"मातीचा, हितं आवारात. एक पाय ठेवला का दुसऱ्याला जागा नाय, असला."

तो घालावा कोणी, हा पेच पडला. गोजाबाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "आमचं भावोजी हायत ना. बांधावर हात लय बसलाय त्यांचा."

दादांस घेऊन आलेल्या धाऊजीरावांस तोंड लपवायास चहाचा कपही नव्हता. मग भर दरबारी नाही म्हणवेना, आणि फावडे घेऊन त्यांनी आपले हाते बांध घातला, आणि त्यावरून दादा पडता पडता तेच सावरीत आणि ओरडत, "टाच रोव दादा, टाच!" दादा बांधावर उभे राहिले की कोरलेली माती परत द्यावी लागणार हे दिसत होते, तरी टाच चुकलेली त्यांस पाहवेना.

मग भात पोटरीस आले असता एके सकाळी सोमाजीरावांची स्वारी काठीनिशी, एकली, मधले बांधावर येऊन उभी राहिली. समोर धाऊजीराव, फावड्यासहित.

"धाऊ रे, शिकवलास तूच. आता कोरलेला भर."

"दादा, पडशील."

"पडलो तर तुझ्याच शेतात पडन. भर."

मग धाऊजीरावांनी माती ओढून चोपली, आणि गोजाबाईसाहेब दोघांस चहा घेऊन आल्या. धाऊजीरावांनी कप घेतला. सोमाजीरावांनी घेतला नाही. त्यांनी बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला, एके जागी काठीने दाखविले, तेथे आणखी माती पडली, आणि मग कप तोंडास लाविला.

येणेप्रमाणे बांध जागी बसला, दोघे बंधू एके ठायी चहा प्याले, आणि डावे पायाची फत्ते जाहली, ती जैसी घडली तैसी नमूद केली असे.