खडीसाखर विरघळेपर्यंत

मुलाणी मॅडम शिक्षकांच्या तोंडात खडीसाखर घालत. बक्षीस म्हणून नव्हे; तोंड बंद राहावं म्हणून.

मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या या बाई दर शनिवारी रहिमतपूरहून सांगलीला आमच्या कॉलेजात येत. कशाला? तर नर्सिंग शिकवणाऱ्या आम्हा बायकांना शिकवायला. पेशंटकडे बघून काय बिघडतंय ते विद्यार्थिनीला स्वतःला ओळखता यावं, म्हणून आम्ही काय करायचं ते. ‘‘लय सोपं हाय. पोरीला इचारायचं, तुला काय दिसतंय? आन् खडा इरघळस्तवर गप बसायचं.’’

पेशंट त्या स्वतःच होत, विद्यार्थिनी आमच्यातलीच एखादी. साडीवर दवाखान्याचा गाऊन चढवून कॉटवर कण्हत पडायच्या. एकदा प्राचार्य डोकावले तर म्हणाल्या, ‘‘सर, मी सिरीयस हाय. उद्या या.’’

गप्प बसणं आम्हाला काही जमत नसे. पाटीलबाईंनी तर खडा कडाकडा चावला आणि उत्तर सांगून टाकलं. पेशंट ताडकन उठून बसला. ‘‘आवं बाई, पोरगी इचार करत हुती की! तुमाला कसली घाई? मरतीय तर मी!’’

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडमना स्टँडवर सोडायला गेले आणि बाकावर बसून, आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. वॉर्डात सारिका नावाची विद्यार्थिनी मला म्हणाली होती, ‘‘मॅडम, माण तालुक्यातल्या त्या आजी सकाळपासून गप्प गप्प आहेत. श्वास पण भरभर घेतात.’’ मी म्हणाले, ‘‘प्रेशर नॉर्मल आहे ना? मग पुढच्या कॉटवर जा.’’ दुपारी आजी गेल्या. चौकशीत मी सांगितलं, हिनं मला काही कळवलंच नव्हतं. सारिकानं कॉलेज सोडलं. पलूसला असते. ब्लाउज शिवते.

मॅडमनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

‘‘माझ्या ट्यूटरनं बी असंच माझ्यावर ढकललं हुतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढं साताऱ्याच्या मंडईत भेटायच्या. मेथीचा भाव, अब्बांची तब्येत, समदं बोलायच्या. मला वाटायचं, आज बोलतील त्ये. दर खेपेला पिशवी खाली ठिवून हुबी ऱ्हायची मी.’’

‘‘मग?’’

‘‘गेल्या की. मयतीला गेलते. तितं बी वाईच थांबले, समदे गेल्यावर.’’

रहिमतपूरवरून जाणारी साताऱ्याची गाडी लागली. मॅडम उठल्या, पदर सावरला आणि कंडक्टरला विचारलं, ‘‘दादा, पलूसची कुठं लागती?’’