बाबांची खुर्ची आणि ताईची चप्पल

ताईने आपल्यापुढची सगळी बटणं टेबलाच्या मध्यभागी ढकलली आणि बारक्याची पंचाईत झाली. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. माणूस आजोबा झाला होता, पण घरात शेंडेफळाला बढती नसते.

प्रश्न खुर्चीचा होता. बाबांचं केस कापायचं दुकान विकलं गेलं होतं. आरसे, कात्र्या, टॉवेल सगळ्यांची वाटणी भांडणाशिवाय झाली. पण गिऱ्हाइकाची ती गोल फिरणारी, मागे कलणारी खुर्ची दोघांनाही हवी होती. तिच्यावर गरागरा फिरून दोघांनी लहानपणी ओकाऱ्या काढल्या होत्या. असं प्रेम सहज सुटतं होय? शेवटी थोरला दादा म्हणाला, "बाबांनी शिकवलेला पोकर खेळा. टूर्नामेंटच लावू. पैशांऐवजी सगळ्यांना सारखी बटणं. बटणं संपली की बाद, उरेल त्याची खुर्ची." रिकाम्या दुकानात डाव मांडला. दादा, वहिनी, ताईचे यजमान एकेक करत बाद झाले. उरले हे दोघे, आणि बटणंही दोघांकडे सारखीच.

प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, टेबलावर पाच उघडी. शेवटचं पान, ज्याला रिव्हर म्हणतात, ते बदामाचं निघालं आणि टेबलावर तीन बदाम झाले. बारक्याकडे राजांची जोडी होती, राण्यांची जोडी होती. ताईच्या हातात दोन्ही बदाम असले तर पाच बदाम दोन जोड्यांना भारी, म्हणजे तो खलास. नसले तर ती चक्क थाप मारत होती, आणि 'कॉल' म्हणून तेवढीच बटणं पुढे सारायचा अवकाश, खुर्ची बारक्याची.

"बोल की लवकर!" दादा म्हणाला. "दाढी वाढली माझी."

बारक्याला एक गुपित ठाऊक होतं. थाप मारताना ताईची डावी चप्पल पायातून निघायची. लहानपणी बाबांनीच त्याच्या कानात सांगितलं होतं. म्हणून त्याने एक बटण मुद्दाम खाली पाडलं आणि वाकला. चप्पल निघालेली होती! तो आनंदाने वर यायला गेला आणि कमरेत अशी उसण भरली की टेबलाखालीच कमान झाली.

"आई गं!"

"कॉल आहे का हा?" दादाने विचारलं.

"कमर आहे!"

"भावजी, खाली आहातच तर तेवढी जळमटं काढा," वहिनी म्हणाली.

ताईने जन्मभर नर्सची नोकरी केलेली. पानं उपडी टाकून ती धावलीच. "हलू नकोस, गाढवा! श्वास सोड." सगळ्यांनी मिळून त्याला उचललं आणि आडवं करायला दुसरं काही नव्हतं म्हणून बाबांच्या खुर्चीतच कलवलं. ताई कमर चोळत बसली.

छताकडे बघता बघता बारक्याला बाबा दिसायला लागले. आई गेल्यावर स्वयंपाक ताईच्या गळ्यात पडला होता. शाळा, भांडी, भावंडं, सगळं त्या एवढ्याशा पोरीकडे. सुट्टीच्या दिवशी इथेच डाव पडायचा. बाबा टेबलाखाली हळूच बघायचे, चप्पल निघालेली दिसायची, हातात चांगली पानं असायची, आणि तरी ते पानं टाकून म्हणायचे, "हरलो बुवा!" मग ताई दुकानभर नाचायची. तेव्हा बारक्याला बाबा भारी बावळट वाटायचे. आज वाटले नाहीत.

"काय करतोस? कॉल?" दादाने विचारलं.

"टाकली पानं," बारक्या म्हणाला. "हरलो बुवा."

ताईचा हात कमरेवरच थांबला. मग ती ताडकन उठली आणि आपली पानं टेबलावर आपटली. दोन्ही बदाम!

"मेल्या, जिंकलेला डाव घालवलास माझा! कॉल म्हणाला असतास तर तुझी उरलेली बटणंही माझी होती, आणि खुर्चीही! एवढी चप्पल काढून बसले ती कशाला? बाबांनी तुझ्या कानात काय सांगितलं ते मला केव्हाच कळलं होतं. इतकी वर्षं राखून ठेवलं होतं मी ते!"

"अगं, पण..."

"तुला चप्पल दिसली नाही?"

"दिसली ना."

"म्हणजे मी थाप मारतेय अशी तुझी खात्री होती?"

बारक्याने कमर फार दुखतेय असं तोंड केलं.

ताईने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि त्याच्यासकट खुर्ची टेबलाजवळ सरकवून घेतली.

"दादा, वाट पानं," ती म्हणाली. "याला आज सोडत नाही मी."