इवोची अकरा नावं

इवो पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा त्याने बूट काढले, माझ्या बायकोला, माधवीला, वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यातला जळमटं काढायचा झाडू उचलून दांड्याने आमचं छत ठोकायला लागला. टक टक टक. मग मान वाकडी करून ऐकायचं. पुन्हा दोन पावलं पुढे, पुन्हा टक टक टक. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईने वैतागून उलट तीन ठोके दिले. इवो खूश झाला.

"गुड रूफ," तो म्हणाला. "अभी खाना खाएगा."

माधवी माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगणार, कप्पाळ?

आखातातल्या अल अमेरातच्या डोंगरात आमच्या कंपनीचं रस्त्याचं काम चालू होतं. मी तिथे स्टोअरकीपर आणि इवो सुरुंगाचा फोरमन. मूळचा क्रोएशियाचा, साठी उलटलेली, ओठ झाकणाऱ्या मिशा. तीस वर्षं केरळी आणि पठाणांबरोबर काढल्यामुळे हिंदी बोलायचा, पण ती हिंदी ना केरळ्याला कळायची ना पठाणाला. त्यात दर वाक्याला 'पोलाको'. म्हणजे त्याच्या भाषेत 'दमानं घ्या'. सुरुंगाचा भोंगा वाजला की आम्ही जीव मुठीत धरून पळायचो आणि हा गडी चहाचा कप सांभाळत सगळ्यांच्या मागून यायचा. "पोलाको, सावंत, पोलाको. पत्थर को मालूम है इवो आता है."

छत ठोकायची सवय त्याच्या बापाची. बाप कोळशाच्या खाणीत. चौदाव्या वर्षी खाली उतरला. दांड्याने ठोकल्यावर दगड खणखणीत बोलला तर खाली उभं राहायचं, भदभद बोलला तर पळायचं. घरातही तो आधी छत ठोकायचा, मग सूप प्यायचा. इथवर माझ्या डोक्यात शिरलं. पुढे गोष्टीत दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि माझी पंचाईत झाली.

मी पडलो स्टोअरकीपर. प्रत्येक वस्तूला एक खण आणि खणावर चिठ्ठी, असा माझा स्वभाव. मी विचारलं, "तुझा बाप कोणाविरुद्ध लढला?" साधा प्रश्न. इवोने जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याची झाकणं टेबलावर मांडली. हे इटालियन. हे जर्मन. हे आपलेच, पण जर्मनांच्या बाजूचे. हे शेजारचे, आधी इकडचे, मग तिकडचे. आणि जंगलात लपलेली लोणच्याची वाटी म्हणजे त्याचा बाप, खाणीतल्याच डायनामाइटने पूल उडवणारा.

"मग लोणचं जिंकलं का?" मी विचारलं.

"जीता! नया देश बना. फिर वो देश खलास. फिर और नया देश."

"आणि बाप?"

"बाप वापस खान में."

मी कपाळाला हात लावला. एवढं मात्र कळलं, की खाणीतले बारा जण एका सकाळी कामावर न जाता जंगलात गेले आणि युद्ध संपल्यावर एकटा बाप परत आला. त्याने खाणीच्या फाटकाशी अकरा नावांची पाटी लावली आणि दरवर्षी गाव गोळा करून तो ती नावं मोठ्याने वाचायचा. देश बदलला तशी कोणीतरी पाटी उखडली. गावातले निम्मे म्हणायला लागले, ते शूर होते. निम्मे म्हणाले, नावं काढू नका. म्हातारा मरेपर्यंत रिकाम्या भिंतीसमोर उभा राहून वाचत होता. ऐकायला एकटा इवो, दरवर्षी सुट्टी काढून गेलेला.

हे ऐकून मला संतापच आला. जिंकलेल्या माणसांची पाटी कोण काढतं हो? आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिकाला पंधरा ऑगस्टला झेंड्याशेजारी खुर्ची असते! मी तडक आमच्या अल हैलच्या मराठी कट्ट्याचे सेक्रेटरी नेनेकाका यांच्याकडे गेलो. शुक्रवारी मुलांच्या स्पर्धांचा बक्षीस समारंभ होता. म्हटलं, मध्येच पाच मिनिटं काढा, स्वातंत्र्यसैनिकाच्या मुलाला शाल-श्रीफळ देऊ.

इवोला सांगितलं, तर त्याने शाल नको म्हटलं. खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. "अगले महीने मैं घर जाता, सावंत. उधर पढ़ेगा तो झगड़ा. तुम्हारे लोग के सामने एक बार पढ़ूँ? जोर से?" सुरुंगाला न घाबरणारा माणूस परवानगी मागत होता.

शुक्रवारी मी माइकवर प्रस्तावना केली. इटली म्हणालो, जर्मनी म्हणालो, मग आपलेच म्हणालो आणि कोणते आपले ते मलाच आठवेना. पोरं खुर्च्यांखालून पळत होती. चित्रकलेची बक्षिसं नुकतीच संपली होती, पाठांतराची व्हायची होती. इवो पुढे आला आणि खणखणीत आवाजात पहिलं नाव वाचलं, "यूरे!"

टाळ्या! अख्खा हॉल टाळ्या वाजवून मागे वळला. यूरे कुठाय? लोक दाराकडे बघायला लागले. नेनेकाकांनी तर सवयीने टेबलावरचा बक्षिसाचा एक कप उचलून हातात धरला.

"आंते!" पुन्हा टाळ्या, पुन्हा सगळ्या माना दाराकडे. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "अगं, पोरं आली नाहीत वाटतं." मला धरणी दुभंगावी असं झालं. थांबवावं तर इवो वाचतोय, न थांबवावं तर हा तमाशा. अकराच्या अकरा नावांना हेच. शेवटी नेनेकाकांनी कप खाली ठेवला आणि पाठांतराचा पहिला नंबर पुकारला.

इवो बाहेर पायरीवर बसला होता. डोळे लाल. मी शेजारी बसलो.

"इवो, माफ कर. लोकांना काही कळलंच नाही रे. त्यांना वाटलं बक्षीस घ्यायला कोणी येतंय."

त्याने तळहाताने मिशा पुसल्या. मग म्हणाला, "हमारे गाँव में बाप नाम पढ़ता, तो सब लोग नीचे जमीन देखता. सब को मालूम, कोई नहीं आएगा."

त्याने कागद घडी करून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये घातला.

"इधर सब दरवाजा देखा, सावंत. ग्यारह बार. मैं भी देखा."