सहकुटुंब ऐकण्याजोगा लेखक

लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या मराठी मंडळाने मधुमतीबाईंना अर्ध्या तासाचे व्याख्यान मंजूर केले. विषय : १९५०च्या सुमारास गाजलेला एक अमेरिकन रहस्यकथाकार, जन्मशताब्दीनिमित्त. बाईंचा हेतू साधा होता. जवळच्या लायब्ररीतून त्याच्या कादंबऱ्या कोणी नेत नव्हते. महिनाअखेरपर्यंत वाचक आले नाहीत तर त्या रद्दीत जाणार होत्या. बाईंनी त्या सगळ्या वाचल्या होत्या. काही तर खुनी माहीत असूनही पुन्हा.

मसुदा तपासायला कार्यकारिणीची बैठक भरली.

"काकू, ह्यात मर्डर आहे," सेफगार्डिंग, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम, सांभाळणारी दिया म्हणाली. "हॉलमध्ये किड्स असणार. माझा प्रॉब्लेम नाही, पॉलिसी आहे."

"अगं, तो रहस्यकथा लिहायचा!"

"मग कोणीतरी नुसतं हरवू दे ना."

प्रेताच्या जागी 'अनुपस्थित व्यक्ती' घालण्यात आली. प्रेतच नसल्याने डिटेक्टिव्हला काम उरले नाही, तोही गेला.

पुढे लेखकाची व्हिस्की आली. "देवळाचा हॉल आहे, 'पेय' म्हणा," अध्यक्षा सुलक्षणाताईंनी सुचवले. गेल्या शनिवारी त्यांच्याच घरी सर्वांनी ते पेय घेतले होते. पण तो शनिवार मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. लेखकाचे घटस्फोट गेले, कारण पुढच्या रांगांत स्थळे बघणारी मंडळी बसतात. उतारवयात त्याला कोणी छापेना, हा भाग चिटणीस अंबरीशने खोडला.

"निगेटिव्ह वाटतं हो, मधुमतीताई. पोरांना मेडिसिनला घालायचंय आपल्याला."

"निदान नाव तरी राहू दे त्याचं!"

"नाव सांगितलं की लोक फोनवर शोधणार, आणि आपण काढलेलं सगळं त्यांना सापडणार. मग ही बैठक घेतली कशाला?"

तर्क बिनतोड होता. नावही गेले.

उरले ते बाईंनी कार्यक्रमात वाचून दाखवले : एक अमेरिकन गृहस्थ पहाटे उठत आणि नियमित लिहीत. टाळ्या थांबेनात. "फारच इन्स्पायरिंग!" म्हणत मंडळी श्रीखंडाच्या रांगेकडे वळली. लायब्ररीकडे एकही वळला नाही. कादंबऱ्या रद्दीत गेल्या आणि मंडळाने बाईंना शाल दिली.

"एकाने तरी विचारायचं ना, हा माणूस कोण म्हणून?" बाई अजून म्हणतात.

तुम्हीही इथवर आलात. तुमचेही त्या नावावाचून काही अडले नाही. कार्यकारिणीत एक जागा रिकामी आहे. शोभाल.