यंत्र सांगेल ती तारीख

हेडक्लार्क शुक्रवारी निवृत्त व्हायचे होते आणि कचेरीतल्या सर्वांत जुन्या लॅपटॉपने सोमवारीच मान टाकली. बटण दाबलं की पंखा एक सुस्कारा सोडी आणि पडदा काळा तो काळाच. निवृत्तीचा आदेश फक्त याच लॅपटॉपमधून निघत असे. नवे लॅपटॉप होते, पण खराब होऊ नयेत म्हणून साहेबांनी ते कपाटात कुलूपबंद ठेवले होते.

हेडक्लार्कांचा जीव वरखाली होत होता. दूरगावी लेकीला मुलगी झाली होती आणि आजोबांनी तिला अजून फोटोतच पाहिलं होतं. बायकोने बॅगा भरून दाराशी आणून ठेवल्या होत्या.

बिघाडाची तक्रार बिघडलेल्या यंत्रावरूनच नोंदवावी, असा नियम होता. त्यामुळे दुरुस्ती विभागाकडे आजवर एकही तक्रार आली नव्हती आणि त्याबद्दल त्या विभागाचा सत्कारही झाला होता. शेवटी हातापाया पडून हेडक्लार्कांनी शुक्रवारी सकाळी मेकॅनिकला आणलंच. त्याने मागचं झाकण उघडलं, धूळ फुंकली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली आणि परत बसवली. लॅपटॉप सुरू झाला. हेडक्लार्कांना भरून आलं.

पण पडद्यावर तारीख आली ती पंचवीस वर्षांपूर्वीची.

"आतला घड्याळाचा सेल मेलाय," मेकॅनिक म्हणाला.

"मग बदला की!"

"मला मंजुरी लॅपटॉप सुरू करण्याची आहे. सेल हा स्वतंत्र विषय." आणि तो पिशवी उचलून गेला.

"मी हातानेच तारीख बदलतो," हेडक्लार्क म्हणाले.

साहेब ताडकन उठले. "कचेरीच्या तारखेत खाडाखोड? नोकरी जाईल!"

नाइलाजाने हेडक्लार्कांनी अर्ज तसाच भरला. यंत्राने क्षणात कळवलं, 'आपल्या निवृत्तीस पंचवीस वर्षे अवकाश आहे.'

"साहेब, अहो माझं टक्कल तरी बघा!"

"लवकर पडलं असेल. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"आणि माझी नात?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज कडक झाला. "या तारखेला तुमची मुलगी शाळेत आहे. नसलेल्या नातीच्या नावावर घरी जायला निघालात?"

हेडक्लार्कांनी शेजारच्या टेबलाकडे आशेने पाहिलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "खरंच, तुमचं वय दिसतच नाही हो."

संध्याकाळी घरी सगळं ऐकून बायकोने दाराशी ठेवलेल्या बॅगांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण कंप्युटरमध्येच तसं आलंय म्हटल्यावर..." आणि तिने बॅगा उघडून नातीसाठी घेतलेली झबली पुन्हा कपाटात ठेवली. सोमवारी हेडक्लार्क वेळेवर कामावर हजर झाले.

हसताय? खुशाल हसा. फक्त परवा बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, फोनमध्ये पाऊस दाखवतोय म्हणून छत्री घेऊन कोण निघालं होतं, तेवढं आठवून बघा.