या ना कधीतरी!

वऱ्हाडात नोकरी करायची, पण आपली एकही सवय बदलू द्यायची नाही, हे चारुशीलेनं पुणे स्टेशनावरच ठरवून टाकलं होतं. आई डोळ्यांना पदर लावून "पोरगी परदेशी चालली गं!" म्हणाली, तेव्हा तिला हसूच आलं होतं. अकोला म्हणजे काय विलायत? मुंबई इलाखा संपतो आणि मध्यप्रांत-वऱ्हाड लागतो, एवढंच! उलट तिथल्या मुलींच्या शाळेत गणितासोबत आपण चार रीतीभातीही शिकवून येऊ, असा तिचा बेत होता.

पण आईचंच खरं निघालं. इथे ओळख झाली की माणसं आधी पगार विचारत, मग लग्न, आणि ते झालं नसेल तर का झालं नाही तेही! भर दुपारी, पुण्यात मांजरसुद्धा कुणाच्या दाराशी जात नाही अशा वेळी, लोक खुशाल कडी वाजवत. घरमालकीण दुर्गाबाई जेवायला वाढायच्या तेव्हा 'पुरे' म्हटलं, की आता कुठे पाहुणी जेवायला बसली असं त्या समजत. चारुशीला मात्र आपल्या रीतीला चिकटून होती.

बघता बघता सहा महिने संपत आले. नोकरी कायम करायची की नाही, हे शाळेचे चिटणीस रामराव वकील ठरवणार होते. पुण्याला परत जावं, तर तिथे एक नगरचे बिजवर सावकार तिला पाहायला टपून बसले होते! तेव्हा नोकरी टिकायलाच हवी होती. तिनं रामराव आणि त्यांच्या पत्नी विमलबाई यांना रविवारी चार वाजता चहाला बोलावलं. दोन बश्या पोहे, दोन लाडू, दोन कप चहा. सगळं कसं नेमकं!

पण त्याच्या आदल्या आठवड्यात एक गोष्ट घडून गेली होती. मुलींना घेऊन ती बाळापूरचा किल्ला पाहायला गेली होती. तिथे नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी सगळ्या पाणी प्यायला थांबल्या आणि पोटभर जेवूनच उठल्या. निघताना चारुशीला रीतीप्रमाणे म्हणाली, "या ना कधीतरी आमच्याकडे!"

"कधी?" नत्थुजीनं विचारलं.

असं कुणी विचारतं का? ती गडबडली. "या की, कधीही!"

"मंग रविवारी येतो."

किती सभ्य माणूस, असं तिला वाटलं. आणि घरी पोचेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

रविवारी दुपारी तिचा डोळा लागतो न लागतो, तोच कडी वाजली. दारात बैलांची बंडी! बंडीतून नत्थुजी, त्याची बायको मैनाबाई, आई, दोन भाऊ, भावजया आणि मोजता न येणारी पोरं उतरत होती. मागून वांग्यांचं पोतं, कणकेचा डबा, तुपाची बरणी आणि गोवऱ्यांचा ढीग उतरला.

"आमी आलो ना मास्तरीणबाई!"

चारुशीलेच्या तोंडून पुणं बोललं, "चहा... झालाच असेल ना?"

या प्रश्नाला पुण्यात 'हो' म्हणतात आणि दोन्ही बाजूंची अब्रू राहते. नत्थुजी म्हणाला, "कुठं झाला? ठिवा!"

"अहो, पण माझ्याकडे आज पाहुणे यायचेत!"

"येऊ द्या की! तुमी एकट्या, एवढ्या मानसायचं कुठून करान? म्हून आमी समदं घेऊन आलो," मैनाबाई म्हणाली. "गोवऱ्या कुठं पेटवाच्या तेवढं सांगा."

सांगायची वेळच आली नाही. दुर्गाबाईंनी अंगण दाखवून दिलं आणि स्वतःच पदर खोचला. घटकाभरात रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्यांच्या लालभडक आरात पडले, वांगी शिजू लागली आणि धुरानं चारुशीलेची खोली भरून गेली. पोह्यांच्या दोन्ही बश्या पोरांनी केव्हाच चाटूनपुसून ठेवल्या होत्या! डोळे पुसत, फुंकणी हातात घेऊन ती आरापाशी बसलेली असतानाच चारचे ठोके पडले आणि फाटकात रामराव वकील उभे राहिले. मागे नाकाला रुमाल लावून विमलबाई.

संपलं, चारुशीलेला वाटलं. आता नगरचे सावकार!

रामरावांनी हवेत नाक फिरवलं. "रोडगे होय?" आणि पगडी काढून ते नत्थुजीच्या पंगतीला बसलेसुद्धा! विमलबाई "आमचं खाणं झालंय हो," म्हणत राहिल्या. त्यांनी पानावर आडवा हात धरला, तर मैनाबाईनं त्या हातावरूनच तूप ओतलं.

निघताना रामराव म्हणाले, "पुन्याच्या दोन बाया आधी येऊन पळून गेल्या. तुमचं अजून ठरवलं नाही मी. पाहू, पुढच्या आठवड्यात सांगतो."

विमलबाई तुपाचा हात पुसत म्हणाल्या, "छान झालं हो. या ना कधीतरी तुम्ही सगळी आमच्याकडे!"

"कधी?" नत्थुजी.

"या की, कधीही!"

"मंग रविवारी येतो."

चारुशीला आता शहाणी झाली होती. इथे बोलावणं म्हणजे बोलावणंच! गेलो नाही तर विमलबाईंचं मन दुखावेल आणि नोकरी हातची जाईल. पुढच्या रविवारी ती स्वतः बंडीत बसली, मांडीवर तुपाची बरणी घेऊन. भर दुपारी बंडी वकिलांच्या दाराशी थांबली आणि तिनं जोरात कडी वाजवली.

दार चार बोटं उघडलं. फटीतून विमलबाईंचा एक डोळा बंडीवर, पोरांवर, गोवऱ्यांवर फिरला.

"अगंबाई! तुम्ही होय? चहा... झालाच असेल ना?"

चारुशीलेनं कान टवकारले. ही तर आपलीच भाषा! तेवढ्यात आतून रामराव पोट धरून हसत आले आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"पुन्याच्या नारायण पेठेतली हाय ही, मास्तरीणबाई! वीस वर्षं झाली लग्नाला, अजून काही सुधरली नाही. आन तुमी सहा महिन्यांत बंडी घेऊन दारात! तुमची नोकरी आजपासून कायम, जा!"

चारुशीलेचे डोळे भरून आले, या खेपेला धूर नसतानाही. नत्थुजी गोवऱ्या उतरवायला धावला, मैनाबाई अंगण कुठं आहे ते पाहू लागली.

विमलबाई चारुशीलेजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे, चहा टाकायला नको ना?"