दाबसाहेबांचा नळ

लेक जेवता जेवता सहज म्हणाली, "त्याच्या बाबांना बाटलीतली बिअर आवडत नाही. नळाची लागते." एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण दाबसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला, आणि बायकोनं कपाळाला हात लावला. घास खाली ठेवला की हा माणूस काहीतरी ठरवतो, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

'त्याच्या' म्हणजे ज्याच्याशी लग्न करायचं हे लेकीनं आधी ठरवून मग घरी विचारलं होतं, त्याच्या. मुलाचे आईवडील रविवारी संध्याकाळी पहिल्यांदाच घरी येणार होते. आई हसऱ्या, त्यांची काळजी नव्हती. वडील मात्र दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि स्वतःचं मिटून ठेवायचं, असा त्यांचा खाक्या. लग्नाला त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली नाही तर सगळं संपलं, असं लेक रोज फोनवर मैत्रिणीला सांगत होती.

"त्यात काय! घरीच नळ बसवू," दाबसाहेब म्हणाले.

"बाबा, प्लीज. साधं सरबत करू."

"अगं, दाबाचं काम आहे ते. आणि दाब म्हणजे कोण?"

हे खरं होतं. दाबसाहेब पाणीपुरवठा खात्यात होते. शहरातल्या कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्यापर्यंत पाणी चढायचं, हे त्यांच्या टेबलावरून ठरे. (स्वतःच्या घरी पाणी पहाटेच भरून ठेवावं लागे, ही गोष्ट वेगळी. घरच्या देवाला नैवेद्य शेवटी.) सगळी गल्ली त्यांना दाबसाहेबच म्हणायची, आणि त्यात थोडी थट्टा आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

झालं! मंगळवारी बिअरचं पिंप आलं, नळी आली, नळ आला, आणि बिअरला नळापर्यंत ढकलणारा, पुरुषभर उंचीचा गॅसचा सिलिंडर आला. पिंप जुन्या फ्रिजमध्ये बसलं आणि फ्रिजमधली भाजी बायकोच्या कपाटात गेली. दुकानदारानं सांगितलं होतं, दाबाचा काटा बारावर ठेवा. जास्त झाला तर नुसता फेस येईल, कमी झाला तर बिअर मरेल. दाबसाहेबांनी सिलिंडरची चावी उघडली, खालचा दाब वाढवायचा स्क्रू हलके हलके फिरवला, काटा बारावर आणला, आणि सगळ्या घराला बोलावून बजावलं, "या काट्याला कोणीही हात लावायचा नाही!"

"नाही लावत हो," त्यांची आई म्हणाली. ती एकदा शब्द दिला की पाळणारी बाई होती.

संध्याकाळी तपासणीचा एक ग्लास झाला. फेस दोन बोटं, चव झकास. सकाळी बघतात तर काटा नऊवर. दाबसाहेबांनी भुवया चढवल्या आणि स्क्रू थोडा पिळला. काटा हलला नाही. आणखी पिळला. तरीही नाही. दुसऱ्या तपासणीनंतर काटा सातवर गेला, तिसऱ्यानंतर चारवर. (तपासणीत मात्र खंड नव्हता, शास्त्र म्हणजे शास्त्र.) रोज ऑफिसला जाताना ते स्क्रू पिळत, आल्यावर पिळत, आणि काटा आपला रुसलेल्या जावयासारखा खाली मान घालून बसे.

"अहो, गॅस संपला असेल," बायको म्हणाली.

"दोन महिने पुरेल एवढा आहे."

"मग सिलिंडर नीट उघडाय का ते तरी बघा."

"मी माझ्या हातानं उघडलाय! पंचवीस वर्षं मी लोकांच्या पाण्याचे दाब सांभाळतोय आणि तू मला चावी शिकवतेस?"

बायको कपाटातली भाजी काढून निवडायला बसली. अशा वेळी भाजी निवडण्यात जे सुख असतं ते तिनं मनापासून भोगलं.

रविवारी दुपारी नळातून बिअर दोऱ्यासारखी येऊ लागली. तिची चव कालच्या चहाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखी होती. दाबसाहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पकड आणली आणि स्क्रू आत जाईल तेवढा घातला. आता तो फिरायचा थांबला. तेवढ्यात बेल वाजली.

पाहुणे बसले, पाणी झालं, हवापाणी झालं. डॉक्टर सोफ्याच्या काठावर बसून छताकडे बघत होते. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाला ते बघवेना. "चला डॉक्टर, तुम्हाला गंमत दाखवतो!" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं, डॉक्टरांच्या हातात उंच ग्लास दिला आणि नळ उघडला.

एक थेंब पडला. मग आणखी एक.

"दाब जरा..." दाबसाहेबांनी नळ आणखी ओढला. "गॅसच येत नाहीये!"

"येईल कसा?" मागून दाबसाहेबांची आई म्हणाली. "मी बंद केलाय ना."

"बंद? कधी?"

"मंगळवारीच, निजायच्या आधी. घरात गॅस उघडा ठेवून कोणी झोपतं का? तुझ्या जन्माच्या आधीपासून मीच बंद करतेय."

"आई, तुला सांगितलं होतं हात लावू नकोस म्हणून!"

"काट्याला म्हणालास. काट्याला नाहीच लावला. वरची चावी फिरवली. थांब, देते चालू करून."

"आई, नको! स्क्रू पूर्ण..."

आईनं चावी एका झटक्यात उघडली.

काटा बाराला न थांबता पलीकडच्या टोकाला जाऊन धडकला. नळानं आधी एक खाकरा काढला, मग डॉक्टरांच्या हातातला ग्लास उडवला. पाठोपाठ नळी सांध्यातून सटकली आणि स्वयंपाकघरभर नाचली. तिनं छत भिजवलं, भिंत भिजवली, विहीणबाईंची साडी भिजवली, आणि शेवटी डॉक्टरांच्या चष्म्यावर येऊन निवांत गळत राहिली. आईनं शांतपणे चावी बंद केली. "म्हणून बंद ठेवावा," ती म्हणाली.

लेक रडायच्या बेतात होती. दाबसाहेबांना वाटलं, जमीन दुभंगावी. पोरीचा संसार आपण सुरू व्हायच्या आधीच फेसात बुडवला, या विचारानं ते फडकं शोधू लागले.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ओठांवरचा फेस चाटून पाहिला.

"खरं सांगू?" ते म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं. "महिनाभर मी यायचं टाळत होतो. मुलगा सांगायचा, सासरे फार हुशार आहेत. हुशार माणसांसमोर मला बोलणंच सुचत नाही."

"आणि आता?" लेकीनं घाबरत विचारलं.

"आता काही भीती नाही. माझा होकार."

लेकीनं रडत हसत आजीला मिठी मारली. विहीणबाई पदर पिळता पिळता म्हणाल्या, "माझी एकच अट. लग्नात मुलीच्या वडिलांनी कशालाही हात लावायचा नाही. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

बायकोचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग लेकीचा, डॉक्टरांचा, आईचा. ठराव एकमतानं मंजूर झाला, कारण दाबसाहेब तेव्हा स्टुलावर चढून छत पुसत होते आणि त्यांचे तर दोन्ही हात वर होते.